उन्हाळ्यातली एक रात्र आम्हाला द्या

प्रति,
महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या वस्तुसंग्रहालयांचे विश्वस्त, संचालक आणि अभिरक्षक,
तसंच राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय

सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात एक रात्र तुमची संग्रहालयं उघडी ठेवा, एवढं मागायला हे पत्र लिहिते आहे. माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली. सकाळी दहाला शटर वर जातं, रात्री साडेआठला खाली येतं आणि सुट्टी सोमवारी. हे आधी सांगते, कारण तुमच्या दारावरच्या पाटीची सगळी वेळ माझ्या दुकानाच्या वेळेतच येते. तुम्ही उघडता तेव्हा मी उघडते. तुम्ही बंद करता तेव्हा माझ्यासमोर माप द्यायला गिऱ्हाईक उभं असतं. आणि सोमवारी बऱ्याच सरकारी संग्रहालयांना कुलूप असतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका संग्रहालयात जुन्या चोळ्या मांडल्यात असं एका गिऱ्हाइकाकडून कळलं. कुठलं ते लिहीत नाही, तक्रार त्या एका जागेची नाही. खणाच्या चोळ्या, पुढे गाठ मारायच्या, बिनगुंडीच्या. तेव्हा माझ्याकडे दोन मुली काम शिकत होत्या. पूर्वी चोळीला टक्स, म्हणजे आकारासाठी शिवलेल्या चुण्या, नसायचे, बगलेत घातलेल्या तुकड्यातून अंगाचा आकार यायचा, हे मी त्यांना कागदावर काढून दाखवायचे, पण त्यांच्या डोळ्यांसमोर ते उभं राहत नव्हतं. म्हणून एका शनिवारी भर दुपारी दुकान बंद केलं आणि आम्ही तिघी दोन बस बदलून पोचलो. पाच वाजायला वीस मिनिटं होती. तिकीट खिडकी साडेचारलाच बंद झाली होती. दारावरचा पहारेकरी भला माणूस, त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. "मावशी, उद्या या ना," म्हणाला. उद्या म्हणजे रविवार, तोही लग्नसराईतला. पुढे त्या मुलींपैकी एकीचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली. नंतर ते दालनही बदललं. त्या चोळ्या आम्ही तिघींपैकी कोणीच पाहिल्या नाहीत.

ही गोष्ट मी विसरले होते. ती आठवली बर्लिनला, रात्री अकरा वाजता.

मुलगी तिकडे नोकरीला आहे. गेल्या ऑगस्टमध्ये तिच्याकडे महिनाभर होते. महिन्याचा शेवटचा शनिवार होता. सकाळीच म्हणाली, "आई, आज दुपारी झोपून घे, रात्री दोन वाजेपर्यंत फिरायचंय." मला वाटलं कुणाकडे कार्यक्रम असेल. कार्यक्रम अख्ख्या शहराचा होता.

तिकडे याला संग्रहालयांची लांब रात्र म्हणतात. संध्याकाळी सहाला दारं उघडतात आणि रात्री दोनला बंद होतात. सगळ्या संग्रहालयांना मिळून एकच तिकीट, तेव्हा अठरा युरोच्या आसपास होतं. बारा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणाऱ्या खास बसगाड्या त्याच तिकिटात. १९९७ साली बर्लिननेच ही प्रथा सुरू केली, तेव्हा जेमतेम डझनभर संग्रहालयं त्यात होती. आता सत्तरच्या आसपास असतात. त्यांचं बघून मग व्हिएन्ना, ॲमस्टरडॅम, बुडापेस्ट अशी कितीतरी शहरं जागी राहायला लागली. फ्रान्सच्या पुढाकाराने २००५ पासून मे महिन्यात अशीच एक रात्र युरोपभर होते.

आम्ही साडेसहाला संग्रहालय बेटावर पोचलो. नदीच्या दोन फाट्यांमध्ये शेजारी शेजारी पाच संग्रहालयं आहेत, त्यातलं सगळ्यात जुनं १८३० सालचं. ऑगस्टअखेरीला तिकडे सूर्य आठच्या सुमारास मावळतो. त्या जुन्या इमारतीच्या अठरा खांबांवर पिवळं ऊन होतं आणि समोरच्या हिरवळीवर माणसं पाय पसरून बसली होती. कुणी घरून डबा आणलेला, कुणाचं तान्हं बाळ दुपट्यात झोपलेलं. आपल्याकडे चौपाटीवर किंवा सारसबागेत संध्याकाळी जशी माणसं सैलावलेली असतात, तशी. संग्रहालयाच्या दारात मी इतकी सैल माणसं कधी पाहिली नव्हती. आपल्याकडे आपण तिथे जरा आवरून, आवाज खाली करून जातो.

शेजारच्या न्यू म्युझियममध्ये प्राचीन मिसरची राणी नेफरतिती आहे, तिथे रांग होती. पण मला सांगायचंय ते त्या इमारतीबद्दल. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून ती उद्ध्वस्त झाली आणि कित्येक दशकं पडकीच राहिली. डेव्हिड चिपरफिल्ड या वास्तुविशारदाने ती पुन्हा उभी केली आणि २००९ मध्ये ती उघडली. उभी केली, पण जखमा झाकल्या नाहीत. खांबांवरचे टवके तसेच आहेत. अर्धी भिंत जुन्या चित्रांची आणि तिला जोडून साधी नवी वीट. मी आयुष्यभर रफू करत आले. चांगला रफू दिसू नये असं आम्हाला शिकवतात. तिथे रफू लपवलेला नव्हता आणि तरी कापड एक झालं होतं. त्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभी राहिले. मुलगी दोनदा बोलवायला आली.

रांगेत आमच्या पुढे एक बाई होत्या. माझ्याच वयाच्या, अंगात एका किराणा दुकानाचा गणवेश, छातीवर नावाची पट्टीसुद्धा तशीच. मुलीने त्यांच्याशी चार शब्द बोलून मला सांगितलं, त्या गल्ल्यावर बसतात, कामाची वेळ संपली की थेट इकडे येतात, घरी जाऊन परत निघायचं म्हटलं तर पाय निघत नाही. दर वर्षी येतात. या रात्री त्या एकट्याच फिरतात, कुणाला सोबत घेत नाहीत, कारण मग आपल्याला हवं तिथे थांबता येत नाही. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईचे पाय मला ओळखता येतात. त्या बुटांचे बंद सैल करून उभ्या होत्या. राणीच्या काचेपुढे त्यांचा नंबर आला तेव्हा त्या हलेचनात, आणि मागचं कोणी घाई करेना.

तिथून बाहेर पडलो तेव्हा अंधारलं होतं. हुम्बोल्ट फोरम या संग्रहालयाच्या बाहेर सांचीच्या स्तूपाचं पूर्व तोरण आहे. खरं नव्हे, प्रतिकृती. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी सांचीच्या तोरणाचे साचे घेतले होते, त्यांवरून बर्लिनला एक नक्कल आली होती. तिच्याच वंशातलं हे लालसर दगडातलं नवं तोरण २०२२ मध्ये तिथे उभं राहिलं. झाडाच्या फांदीला धरून झुललेली यक्षी तेवढी मी लगेच ओळखली. तिच्या पायाशी दोन मुलं टॉर्च मारून हत्ती मोजत होती. मी सांचीला गेलेले नाही. आपल्या देशातलं हे तोरण मी पहिल्यांदा पाहिलं ते परक्या गावात, रात्री दहा वाजता. हे लिहिताना आत्ताही गळा दाटतो.

मग बसने कलाकुसरीच्या संग्रहालयात गेलो. तिथे जुन्या पोशाखांचं दालन आहे. आत शिरल्यावर पहिल्यांदा काही दिसेनाच, इतका उजेड मंद. कापडाचा रंग उजेडाने उडतो, म्हणून पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) वर दिवा ठेवत नाहीत, असं तिथल्या मुलीने सांगितलं. ते मला सांगायची गरज नव्हती. दुकानाच्या काचेत टांगलेलं ब्लाउजपीस दोन महिन्यांत एका बाजूने कसं पांढरं पडतं ते मी रोज बघते. डोळे सरावले तसा एका काचेआड रेशमी झगा दिसला, अठराव्या शतकातला. पाठीवर गळ्यापासून खाली सोडलेल्या रुंद दुहेरी चुण्या. शिलाई यंत्र यायला तेव्हा अजून पाऊणशे वर्षं होती, म्हणजे सगळं हाताने. मी वाकून वाकून बाहीच्या आतली बाजू पाहायचा प्रयत्न केला, आणि एका कडेला उलटलेल्या कापडात धावदोरा दिसला. एकसारखा नव्हता. मध्येच दोन टाके लांब पडले होते, पुढे पुन्हा बारीक. काम संपवायची घाई असताना माझे जसे पडतात तसे. अडीचशे वर्षांपूर्वी तो झगा घालणाऱ्या बाईचं नाव कदाचित कुठे लिहिलेलंही असेल. शिवणारीचं नसेल. पण तिचे ते दोन लांब टाके मी रात्री अकरा वाजता पाहिले आणि तिला उशीर झाला होता हे मला समजलं.

त्याच क्षणी मला आपल्या बंद दारासमोर उभ्या राहिलेल्या त्या दोन मुली आठवल्या.

त्यानंतर वाद्यांच्या संग्रहालयात गेलो. १९२९ सालचा, मूकपटांच्या काळातला अजस्र ऑर्गन तिथे आहे. कोणीतरी तो वाजवत होतं आणि फरशीतून आवाज पायांत चढत होता. निसर्ग-संग्रहालयातला डायनासोरचा तेरा मीटर उंच सांगाडा मात्र बघायचा राहिला. परतीच्या बसमध्ये एक पाच वर्षांचा पोरगा तो किती मोठा होता हे हात पसरून सगळ्या बसला सांगत होता, तेवढंच. घरी आलो तेव्हा अडीच वाजले होते. रस्त्यावर बायका, म्हातारी जोडपी, ढकलगाड्यांत झोपलेली मुलं. त्या रात्री शहर सगळ्यांचं होतं.

आता मुद्द्यावर येते. आपल्याला रात्र नवी नाही. जागर हा आपलाच शब्द आहे. गोंधळ रात्रभर चालतो, कोकणात दशावतार पहाटेपर्यंत चालतो, कोजागरीला दूध आटेपर्यंत गच्चीवर बसायचं हे आपण पोरांना शिकवतो. गणपतीत पुण्यात लेकुरवाळ्या बायका रात्री एक वाजता देखावे बघत फिरतात, पीएमपीच्या जादा गाड्या धावतात, चौकाचौकांत मंडळाची पोरं दोऱ्या धरून गर्दी आवरतात. ते सगळं ज्या गावाला जमतं, त्या गावाला एका रात्री संग्रहालयाचं दार उघडं ठेवणं जमणार नाही, हे मला पटत नाही.

आणि आपल्याकडे तर याला उन्हाळ्याचं कारण आहे. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, १९७७ पासून पाळला जातो. ऐन उन्हाळी सुट्टीत येतो. मामाच्या घरी आलेली पोरं दिवसभर पंख्याखाली कंटाळलेली असतात, कारण बाहेर जीव काढणारं ऊन. नागपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. तिथलं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं, गावातली माणसं त्याला अजब बंगला म्हणतात. इतकं लाडकं नाव असलेली जागा मे महिन्याच्या दुपारी कोणत्या आईने पोरांना घेऊन गाठायची? तेच रात्री आठनंतर वारा सुटतो, सगळं नागपूर बाहेर पडतं. मग त्या एका रात्री अजब बंगल्यात दिवे का असू नयेत?

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय घ्या. दिनकर केळकरांचं चष्म्याचं दुकान होतं. ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे आणि जुन्या वाड्यांतून अडकित्ते, फण्या, दौती, दिवे, वाद्यं गोळा करायचे. वीस हजारांवर वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि सगळं सरकारच्या, म्हणजे आपल्या हवाली केलं. एका दुकानदाराने जमवलेला हा खजिना दुसऱ्या दुकानदारांना बघता येत नाही, कारण वेळ दुकानाची आहे. तिथले दिवे मी लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिले, ट्यूबलाइटखाली. जुन्या वस्तूजवळ ज्योत नको, हे मला समजतं. पण अंगणात एक नवा लामणदिवा तेल-वातीचा लावा, आणि त्याच्या उजेडातून माणसं आत येऊ देत. दिवा रात्रीसाठी घडवलेला असतो. तो एकदा तरी रात्री बघायला मिळावा.

मुंबईत भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं. त्यात मुंबईतल्या जुन्या कारागिरांचे, धंदेवाल्यांचे मातीचे छोटे पुतळे आहेत. ज्यांचे आजे-पणजे त्या काचेत उभे आहेत, ती लालबाग-परळची माणसं रात्री कामावरून त्याच रस्त्याने घरी जातात. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय तर खेडेगावात, डोंगरावर आहे, १९३८ साली तिथल्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी उभारलेलं, त्यात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. सुगी संपून मे महिन्यात रानातलं काम जरा हलकं झालेलं असतं तेव्हा आजूबाजूच्या गावांतून एखादी एसटी रात्री तिकडे सोडली तर किती बायका पहिल्यांदा तो डोंगर चढतील!

सुरुवात कुठेच झालेली नाही असंही नाही. २०१९ मध्ये केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने देशातली दहा स्मारकं रात्री नऊपर्यंत उघडी ठेवायचं ठरवलं, त्यात आपल्या गडचिरोलीतली मार्कंड्याची देवळं होती. मुंबईत काळा घोडा महोत्सव १९९९ पासून होतो आणि संध्याकाळी तिथे उभं राहायला जागा मिळत नाही. बघणारे आहेत. त्यांना घड्याळ आडवं येतं.

अडचणी मला कळतात. रात्री पहारा जास्त लागणार, कर्मचाऱ्यांना थांबवावं लागणार. दिवाळीच्या आधी मीही माझ्याकडच्या बायकांना रात्री अकरापर्यंत थांबवते. त्याचे वेगळे पैसे देते, जेवण मागवते, घरापर्यंत रिक्षा करून देते आणि दिवाळीनंतर सुट्टी देते. हे न करता थांबवणं म्हणजे लुबाडणूक. तुमच्याही पहारेकऱ्यांना, सफाईच्या बायकांना, तिकीट फाडणाऱ्याला त्या रात्रीचा जादा मोबदला मिळाला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी संग्रहालय बंद राहिलं तरी चालेल. स्वच्छतागृहं उघडी हवीत, पाणी हवं, रस्त्यावर उजेड हवा. नाजूक वस्तूंची दालनं बंद ठेवा. सगळं दाखवायलाच हवं असं नाही. एक दालन, एक अंगण आणि चार शब्द सांगणारं माणूस एवढ्यानेही भागेल. भाषण नको. तिकडे प्रत्येक ठिकाणी कोणीतरी वीस मिनिटं एकाच वस्तूबद्दल बोलत होतं, आणि माझ्यासारखीला भाषा येत नसूनही त्यांच्या हातवाऱ्यांवरून अर्धं कळत होतं. मराठीत कुणी बोललं तर केवढं कळेल.

आणि तिकीट सगळ्यांचं मिळून एकच ठेवा. पुण्या-मुंबईत दहा-बारा संग्रहालयांनी एकत्र यायचं म्हटलं तर बर्लिनच्या पहिल्या रात्री होती तेवढी भरतात.

मी वार आणि वेळ मागते आहे. १८ मेच्या जवळचा शनिवार, संध्याकाळी सहा ते रात्री बारा. मे हा माझा वर्षातला सगळ्यात धावपळीचा महिना, लग्नाचे ब्लाउज टेबलावर ढिगाने पडलेले असतात, तरी त्या दिवशी मी शटर पाचलाच खाली घेईन. दुकानावर आठ दिवस आधी पाटी लावीन, म्हणजे गिऱ्हाइकांनाही कळेल कुठे जायचं.

ज्या संग्रहालयात जुन्या चोळ्या असतील त्यांनी मला कळवावं. माझ्याकडे सासूबाईंचं हातमशीन आहे, अजून चालतं. ते घेऊन येईन, अंगणात एका बाजूला बसेन. टक्स न घालता चोळी कशी बेततात ते खणाच्या कापडावर कापून, शिवून दाखवीन. मानधन नको. दुसऱ्या गावी गेलेल्या त्या मुलीलाही बोलावून घेईन. तिची मुलगी आता चार वर्षांची आहे, तिला तिकीट लागू नये एवढं बघा.

आपली,
ब्लाउज शिवणारी एक दुकानदार